डावं मडगार्ड

इटलीतल्या तुरीनहून आलेल्या त्या पत्राला मी कितीतरी वर्षं उत्तर दिलं नाही. काय लिहावं तेच कळेना.

ते विठ्ठलमुळे आलं होतं. तो ठाण्यात खोपटला एसटी डेपोमागच्या गॅरेजात डेंटर, गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. चौऱ्याऐंशी साली एका कारखानदाराची लाल, दोन दारांची इटालियन गाडी डाव्या अंगाला चेपून त्याच्याकडे आली.

"मास्तर, तुम्हाला इंग्लिश येतं. तिकडनं ह्या मडगार्डाचा नकाशा मागवा ना."

मी वाचनालयातला कारकून. कारखान्याचा पत्ता शोधून भीतभीत लिहिलं.

उत्तर येईपर्यंत मालक थांबेना. विठ्ठलने उजव्या मडगार्डावरून कागद कापला, उलटा केला आणि त्यावरून नवं डावं ठोकून काढलं. दार बसेना.

"माझं माप बरोबर आहे. गाडीच वाकडी, साली!" शेवटी दाराची कड घासून त्याने गाडी दिली.

मग पत्र आलं. नकाशा नव्हताच. लाकडी साच्यावर दोन भाऊ हाताने पत्रा ठोकत. उजवी बाजू पत्र लिहिणाऱ्याची, डावी धाकट्याची. दोन्ही बाजू कधी सारख्या उतरल्या नाहीत. थोड्याच गाड्या निघाल्या, कारखाना मिटला, धाकटा वारला. 'डाव्या मडगार्डाची कड कागदावर उतरवून पाठवाल? त्याच्या हाताचं माझ्याकडे काही नाही.'

जुना पत्रा भंगारात गेला असणार, असं मी धरून चाललो. विठ्ठलला म्हटलं, "नकाशा नाही म्हणतात."

काही वर्षांनी विठ्ठल गेला. दिवस झाल्यावर ठाकुर्लीला त्याच्या बायकोला, हौसाबाईंना भेटायला गेलो. मागच्या दारी खुराड्यावर एक लांब, वळणदार लाल पत्रा होता.

"त्या गाडीचाच," त्या म्हणाल्या. "भंगारवाल्याला देतील तर शपथ! रोज संध्याकाळी ठोकत बसायचे. मी म्हणायचे, अहो, कोंबड्यांना कशाला गुळगुळीत छप्पर? तर म्हणे, चूक माझीच होती गं, ह्या माणसाचा हातच निराळाय. मग ह्यांचेच हात थरथरायला लागले."

मी जुनी वर्तमानपत्रं जोडली. त्यांनी पत्रा धरला, मी कडेने पेन्सिल फिरवली.

"इथून पुढे ह्यांनी ठोकून काढलंय."

तिथे खूण केली. शेवटचा वीतभर भाग चेपलेलाच होता. रेघ तिथे थांबवली.

'खुणेपर्यंत तुमचा भाऊ,' मी लिहिलं, 'पुढे आमचा विठ्ठल. तोही वारला.'

तुरीनला कुणी उरलं असेल का, कोण जाणे.

कल्याणच्या पोस्टात खिडकीवरच्या मुलीने गुंडाळी हातात घेतली. "आजोबा, आत काय?"

"जुने पेपर."

तिने शिक्का मारला.

"बाई," मी म्हटलं, "जरा बघा हं. चेपू देऊ नका."