सलोमीबाईंनी पुढे सरकवलेलं तबक

मित्रांनो, जपून बसा. माझा डावा पाय लंगडा आहे. मी रत्नागिरीच्या एका लहानशा ख्रिस्तमंदिरातला जुना बाक. गंगाराम सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं तेव्हा लोक म्हणायचे, "चार पिढ्या मोडायचा नाय हा." मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मागच्या खिडकीपाशी झाली.

आता माझ्यावर एकच माणूस बसतं, सलोमीबाई. निवृत्त नर्स, एकट्याच राहतात. पूर्वी धाकटी बहीण रूथ शेजारी असायची आणि दोघींत मिळून गीतांचं एकच पुस्तक. मग त्यांची आई वारली. रूथ तेव्हा मुंबईला गेली होती, तिची गाडी चुकली, पोहोचली ती माती झाल्यावर. सलोमीबाई चारचौघांत म्हणाल्या, "आई होती तेव्हा नाय आलीस, आता कोणाला तोंड दाखवायला आलीस?" रूथ आल्या पावली परत गेली. पुढे ती राहायला आली ती भाट्याला, खाडीचा पूल ओलांडला की घर. पण आमच्या मंदिराची पायरी तिने चढली नाही.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे एकाच तबकातली भाकर घेतात. कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करायचा, मगच भाकरीला हात लावायचा. सलोमीबाई भाकरीचं तबक तसंच पुढे सरकवायच्या. कितीतरी वर्षं! आणि डोळे मिटून पुटपुटायच्या, "प्रभू, रूथला सुबुद्धी दे. तिला माझ्याकडे पाठव." मला वाटायचं, अहो बाई, दुखणं एकीला आणि औषध दुसरीला? पण बाकाचं ऐकतो कोण. उपासना संपली की त्या एकट्या घरी जायच्या आणि मी इथे एकटा.

एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे मंदिराच्या धर्मगुरूंनी, ती प्रार्थना ऐकली. जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, देवाला रूथची चूक सांगता. तुमची कधी सांगता?"

"माझी काय चूक?" बाई फणकारल्या. पण सगळे गेल्यावरही त्या उठल्या नाहीत. डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, दुःखात आलेल्या बहिणीला मीच हाकललं. मला क्षमा कर." मी इतकी वर्षं त्यांचं ओझं वाहिलं, पण त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

पुढच्या प्रभुभोजनाला तबक हातात आलं आणि सलोमीबाई ते शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे देऊन भर उपासनेतून उठल्या. खिडकीतून मला ऐकू आलं, "रिक्षा, भाट्याला येतोस काय?"

त्यांनी नंतर पाळकसाहेबांना सांगितलं, "दारातच माफी मागितली. ती रडली, आणि मग चहा टाकलान."

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला बाईंनी भाकर घेतली. रूथ अजून मंदिरात आलेली नाही, येईल की नाही कोण जाणे. बाई एका कडेला सरकून बसतात, शेजारी जागा ठेवून. ती जागा मला फार गार लागते.

मित्रांनो, माणसांना बसवणं हा माझा जन्माचा धंदा. तरी हात जोडून सांगतो, कुणाची वाट पाहत बसला असाल तर उठा आणि तुम्हीच जा.