मित्राच्या घरातले कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, एवढ्यावरच माझ्यावर विश्वास टाकू नका. मीही अजून तुमच्यावर टाकलेला नाही. आमच्या कुळात ती पद्धतच नाही.

ज्या कारागिराने मला घडवले, तो माझी कडी पुन्हा पुन्हा ओढून पाहत असे. स्वतःच्या हातच्या वस्तूवरही त्याचा भरवसा नव्हता. तोच स्वभाव माझ्यात उतरला. पुढे एका दुकानात काचेआड पडून होतो, तेव्हा आलेले गिऱ्हाईक खरेदीला आले आहे की नुसते हात मारायला, हे मी चेहऱ्यावरून ओळखू लागलो. बहुतेकांबद्दल माझे मत वाईटच झाले.

ज्यांनी मला विकत घेतले, त्यांना मी त्यांच्या लेकीसारखे बाबाच म्हणतो. दर उन्हाळ्यात बाबा, आई आणि लेक चिमी नातेवाइकांकडे आणि जुन्या मित्रांकडे राहायला निघत. मोठी निळी बॅग खचाखच भरायची, चिमीने तिच्यावर बसायचे, आईने चेन ओढायची आणि शेवटी बाबांनी मला अडकवायचे. मग ते मला दोनदा हिसका देऊन बघत. तेव्हा मला फार बरे वाटे. साऱ्या घरात मला समजून घेणारे ते एकटेच होते.

प्रवासात मी डोळ्यांत तेल घालून बसे. शेजारच्या सीटवरच्या माणसाने नुसते पाय लांब केले, तरी मला त्यात काळेबेरे दिसे. "कुलूप दणकट आहे हो तुमचं," असे एका गृहस्थांनी माझे कौतुक केले, तर यांना कुलपांची एवढी पारख कशी, याचाच मी मुक्काम येईपर्यंत विचार करत राहिलो.

खरी पंचाईत मुक्कामाला पोचल्यावर होई. बाबा बॅगेतून कपडे काढत आणि मला लगेच पुन्हा लावत. सख्ख्या बहिणीच्या घरातसुद्धा!

"काय रे दादा, माझ्या घरात कोण चोर आहे?" चिमीची आत्या एकदा म्हणालीच.

"अगं, हाताची सवय," म्हणून बाबा हसले. आत्याही हसली. मला तर तिच्या हसण्याचाही संशय आला.

एका उन्हाळ्यात शेवटचा मुक्काम शिंपीकाकांकडे होता. ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र. खाली त्यांचे शिवणकामाचे दुकान आणि वर राहायच्या दोन खोल्या. आमची बॅग आतल्या खोलीत कपाटाला टेकून उभी होती. पहिल्याच दुपारी काका एकटेच खोलीत आले. त्यांनी बॅग चाचपली, मला उलटे करून पाहिले, हळूच ओढले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले. या खेपेला काकू दारात उभ्या होत्या.

"अजून नाही जमलं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"कुलूप आहे ना! चावी त्याच्या शर्टाच्या खिशात असते."

"मग सकाळी भावजी आंघोळीला गेले की बघा. उद्या निघतायत ते."

मित्रांनो, आता तुम्हीच सांगा, आणखी कसला पुरावा हवा?

सकाळी बाबा आंघोळीला गेले. काकांनी खुंटीवरच्या शर्टातून चावी काढली आणि माझ्यात घातली. मी सगळे बळ एकवटून अडून बसलो. आतल्या गंजानेही साथ दिली. काका चावी फिरवत राहिले, त्यांना घाम फुटला, आणि तेवढ्यात डोके पुसत बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काय रे, काय शोधतोयस?"

"काही नाही," म्हणत काकांनी एक हात पाठीमागे नेला.

बाबांनी चावी घेतली. त्यांच्या हाताला मी लगेच उघडलो. बॅग बंदच होती, तरीही बाबांनी काकांच्या देखत तिच्यातली एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. टॉवेल, चिमीचे फ्रॉक, आईची पर्स. सगळे जागच्या जागी होते. मला तेव्हा ते अगदी योग्य वाटले. काका भिंतीकडे बघत उभे होते.

चिमी मागून आत आली. "काका, हातात काय लपवलंय?"

काकांनी हात पुढे केला. हातात घडी घातलेला नवाकोरा आकाशी शर्ट होता.

"समोर दिला तर तू घेत नाहीस," ते बाबांना म्हणाले. "मागच्या वेळी शिवलेली पँट जाताना गादीखाली ठेवून गेलास. म्हटलं, या वेळी गुपचूप बॅगेत सरकवावा. घरी पोचल्यावर कसा परत करशील?"

बाबांनी तो शर्ट तिथेच अंगात चढवला आणि चावी काकांपुढे धरली. "बॅग तूच भर. तुला हवं ते घाल."

"नको रे," काका म्हणाले. "काही इकडचं तिकडं झालं, तर पुन्हा माझ्याकडेच बघशील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते बाबांना फार लागले. मलाही लागले.

त्यानंतर बाबांनी मला कुणाच्याही घरात लावलेले नाही. मी बॅगेच्या हँडलला उघडाच लोंबत असतो. शिंपीकाकांकडे आम्ही अजून दर उन्हाळ्यात जातो. गप्पा रंगतात, चिमीचे लाड होतात. पण सामान भरायची वेळ आली की काका "गिऱ्हाईक आलंय" म्हणत खाली दुकानात उतरतात. गिऱ्हाईक कुणीही आलेले नसते. चेन ओढल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ते वर येत नाहीत.

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, प्रवासात जरूर लावा, मी इमानाने राखण करीन. पण आपल्या माणसाच्या दारात पोचलात, की आधी मला काढून ठेवा. चोर कोण आणि मित्र कोण, हे मला कळत नाही. ते तुम्हालाच कळायला हवे.

यंदाही काकांकडून निघताना बाबांनी बॅगेत सगळ्यांत वर एका शर्टापुरती जागा मोकळी ठेवली होती. ती तशीच मोकळी घरी आली.