सकिनाचाचीचा हात

मी विंझरच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची, एकोणीसशे अडतीस सालची गोष्ट. माझा उजवा खांदा आखडला होता; हात छातीच्या वर जाईना. डाव्या हाताने फळ्यावर काढलेली अक्षरं माझी मलाच वाचता येत नव्हती, आणि दिवाळीनंतर दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचे होते. फळ्यावर लिहू न शकणारा मास्तर कोण ठेवतो? मला अन्न गोड लागेना.

डॉक्टरांचं औषध झालं. मग आईने हट्ट धरला. "भोरला सकिना पिंजारीण हाय. पायाळू हाय ती. तिची लाथ खा, सुटंल खांदा."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्या पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते, असा आमच्याकडे जुना समज. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की असल्या खुळांच्या नादी लागू नका, आणि आता मीच लाथ खायला जायचं! पण आईपुढे कुणाचं शहाणपण चाललंय? गेलो.

सकिनाचाची साठीच्या. अंगणात त्यांचे यजमान कापूस पिंजत होते. मी बसल्याबसल्या सुनावलं, "चाची, माझा यावर काडीचा विश्वास नाही. लाथ मारायची तर मारा एकदाची."

"आदी सदरा काढा, मास्तर."

त्या मागे बसून खांद्यावर बोटं फिरवू लागल्या. नेमकं कुठे दुखतं हे मी सांगितलं नव्हतं. अंगठा बरोबर तिथेच थांबला आणि मी ओरडलोच. त्यांनी घाई केली नाही. तेल लावून बराच वेळ दाबलं, मग कोपर धरून हात हळूहळू फिरवला. कळ यायच्या अलीकडेच थांबायच्या.

"आणि लाथ?" मी विचारलं.

चाची हसल्या. "मी पायाळू न्हाईच, मास्तर. सासूनं तसं उठवलं. ह्ये काम तिनंच शिकवलं. पर बाईच्या हातावर कोन इस्वास ठिवतंय? लाथ म्हनलं की पार वेल्ह्यापासनं लोक येत्यात. मग मी दाबते, आन शेवटाला पाय लावते."

मी चाट पडलो. थोतांड उघडं पाडायला आलो होतो. ते पडलंही, पण त्याच्याआड खरं कसब निघालं. माझी मलाच लाज वाटली.

"हे लोकांना सांगू?"

"सांगा की. माझं काय, पिकलं पान. सुनेला, कुलसुमला, समदं शिकवलंय. तिला तरी खोटं बोलाय लागू नये. आन तुमी दर आठ दिसांनी या. घरी भिंतीवर बोटं चढवा. आळस केलात तर भांडीन!"

सहा वेळा गेलो. बोटं कधी वर चढत, कधी तिथेच अडत. एकदा चिडून ठरवलं, आता पुरे. तरी गेलोच.

दिपोटीसाहेबांसमोर मी फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहिली. हात पोचला. मला रडूच आलं.

आईने गावभर केलं, "पायाळूची लाथ लागू पडली!" मग मी पारावर जाऊन सगळी हकीकत सांगितली. कुणी हसलं, कुणी उठून गेलं. म्हातारा गेनबा मात्र कंबर धरून शेवटपर्यंत ऐकत बसला.

पुढच्या खेपेला चाचींकडे गेलो, तर ओटीवर गेनबा पालथा पडलेला आणि कुलसुम त्याची कंबर दाबत होती. काम झाल्यावर तिने हात पुसले. पाय लावला नाही.

"झालं, बाबा. उठा."

गेनबा उठला, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि तिला विचारलं, "पुन्यांदा कवा येऊ, पोरी?"