तीनदा उलटलेली गाय

कल्याणने प्लास्टिकचा लांब हातमोजा खांद्यापर्यंत ओढला, गाईच्या पाठीवर थाप मारली आणि हात आत घातला. बनुबाईने शेपटी बाजूला धरून ठेवली होती. गाय जरा चुळबुळली, मग उभी राहिली.

“तीनदा भरवली, तीनदा उलटून माजावर आली,” बनुबाई म्हणाली. “ह्यो शेवटचा डाव. गाभण न्हाई राह्यली तर शनवारी काष्टीच्या बाजारात. निस्ती खायला काळ न् भुईला भार.”

आसपासच्या वाड्यांमधल्या गाई भरवण्याचं काम कल्याण सात वर्षं करत होता. लोक त्याला डॉक्टरच म्हणत. मोटरसायकलला मागे नायट्रोजनची टाकी, खांद्याला बॅग. त्या टाकीतल्या थंडीतच कांडीतलं वळूचं बीज जिवंत राहतं. नायट्रोजन संपला की कांड्या दिसायला तशाच दिसतात, पण आत सगळं मेलेलं असतं.

त्याने हात बाहेर काढला.

“गाईत दोष न्हाई, मावशी.”

“मंग?”

मोजा उतरवताना तो म्हणाला, “माझ्यात हाय. उन्हाळ्यात टाकीतला नायट्रोजन सपला हुता. तिन्ही डावाला मेलेल्याच कांड्या भरल्या मी. आज नव्या आणल्यात.”

टाकी भरून आणायच्या दिवशी आपण पोल्ट्रीच्या शेडमागे गांजा ओढत बसलो होतो, हे मात्र त्याने सांगितलं नाही. सुप्याच्या कंपनीत रात्रपाळीनंतर झोप यावी म्हणून लागलेली ती सवय. कंपनी सुटली, पुडी काही सुटली नाही.

आता बनुबाई फाडून खाणार, असं त्याला वाटलं. पण तिने शेपटी सोडली, पुढे गेली आणि गाईच्या गळ्याखाली खाजवू लागली.

“बये, तुला नको नको ते बोलले गं मी. तुझी चूक न्हवतीच.” मग मागे न बघता ती म्हणाली, “तुला ठावं हुतं तर तवाच सांगायचं, कल्याणा. मुकं जनावर हाय. त्याला कुठं बोलता येतंय?”

कल्याणने मान खाली घालून नवी कांडी भरली.

घरी त्याच्या बायकोला, अश्विनीला, बोलता येत होतं, तरी सहा वर्षं ती ऐकूनच घेत होती. नवस झाले, उपास झाले, गावात कुणाची ओटी भरायची असली की तिला वगळून बायका जात. कल्याणची आई रतनबाई उठता-बसता तिला वांझ म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी नगरच्या डॉक्टरांनी कल्याणचा रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला होता. बीज अगदी थोडं, आणि जे होतं त्यातलं बहुतेक निपचित.

“गांजा आधी बंद करा,” ते म्हणाले होते. “तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. त्यानंच झालंय असं छातीठोक सांगत नाही. पण बंद केल्याशिवाय कळणारही नाही.”

त्याने अकरा दिवस बंद केला. रिपोर्टची चौघडी करून बॅगेच्या तळाशी, मोज्यांच्या पाकिटाखाली सारली आणि घरी सांगितलं, “माझं समदं नीट हाय.” त्या एका वाक्याने अश्विनीचा पुरता घात केला. गाईत दोष नाही म्हणून दुसऱ्याला सांगणारा हा डॉक्टर! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आज तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता, ते कायमचंच. रतनबाईने दुसरी मुलगी हेरून ठेवली होती. सकाळी कल्याण निघाला तेव्हा अश्विनी दारापर्यंत आली होती.

“जरा थांबता का?”

“गाय माजावर हाय. थांबून चालायचं न्हाई,” असं म्हणून त्याने किक मारली होती.

बनुबाईच्या गोठ्यातून तो थेट घराकडे निघाला. वाटेत पोल्ट्री लागली, पण तो थांबला नाही. एकच वाक्य तो मनात घोळवत होता, दोष माझ्यात हाय. गाईच्या बाबतीत ते किती सहज तोंडातून गेलं होतं.

ओट्यावर रतनबाई एकटीच शेंगा फोडत बसली होती.

“अश्विनी कुठंय?”

“गेली. तासभर झाला.”

“काय बोलली?”

“काय न्हाई. पाया पडली न् गेली. रडली बी न्हाई.”

कल्याण पायरीवर बसला. आता आईला दाखवायचंच म्हणून त्याने बॅगेत हात घातला. मोज्यांच्या पाकिटाखाली कागद लागला नाही, प्लास्टिक लागलं. धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी होती, वर दोऱ्याची दुहेरी गाठ. रेशनकार्ड, आधारकार्ड अश्विनी अशीच बांधून ठेवायची, ओल लागू नये म्हणून. आत त्याचा रिपोर्ट होता.

दर शनिवारी ती त्याची बॅग रिकामी करून पुसत असे. ती बारावी शिकलेली होती. या दोन गोष्टी आठ महिन्यांत त्याच्या डोक्यात एकदाही आल्या नव्हत्या. किती शनिवार तिने ही पिशवी उचलली असेल, पुसली असेल आणि पुन्हा तळाशी ठेवून दिली असेल, त्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत.

“काय रं ते?” रतनबाईने मान वर केली. “तिचं काय राह्यलं का हितं?”

“न्हाई,” कल्याण म्हणाला. “माझंच हाय.”

तो नखांनी गाठ सोडवू लागला. गाठ घट्ट बसली होती.