ताडपत्रीवरचं इंजिन

गोरक्षनाथ हवालदार पलटणीत रणगाड्यांची इंजिनं सांभाळत. १९७१च्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन ते राहात्याला आले आणि रंगनाथशेठच्या दुकानात विहिरीवरची तेलाची इंजिनं विकायला लागले. विकायला लागले म्हणायचं एवढंच. अजून एकही विकलं गेलं नव्हतं. गिऱ्हाईक दारात आलं की हवालदारांची छाती पुढे यायची, आवाज कवायतीसारखा चढायचा आणि गिऱ्हाईक दचकून शेजारच्या दुकानात शिरायचं.

"हवालदार, जरा गोड बोला हो," शेठ म्हणाले. "आजच्या बाजारात एक तरी इंजिन गेलं पाहिजे. नाहीतर उद्यापासून गोदामाच्या दारात काठी घेऊन बसा. तिथं बोलावं लागत नाही."

पहारा पुष्कळ करून झाला होता. हवालदारांना आता अंगातली विद्या वापरायची होती. शेठ चहाला जाताच त्यांनी पलटणीत नव्या जवानांना शिकवायचे तसंच केलं. दुकानापुढे ताडपत्री अंथरली आणि कोरं करकरीत इंजिन खोलायला घेतलं.

परत आलेल्या शेठनी कपाळावर हात मारला. "अहो, नवं इंजिन मोडलंत की!"

"मोडीत घालत्यात जनू," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

गर्दीतली छबूबाई मात्र नवऱ्याला मागे सारून पुढे आली. मोट ओढून तिचे बैल थकले होते. इंजिन घ्यायचं मनात होतं, पण धीर होत नव्हता.

"काय वो मिलट्रीवाले, हे परत जुळंल का?"

"जुळेल. तुम्हीच जुळवा, ताई. हा पाना धरा."

"अगं, हात काळं हुत्याल," नवरा आसाराम कुजबुजला.

"चुलीपुढं हुत्यात तवा दिसत न्हाईत व्हय?"

हवालदारांचा आवाज आपोआप खाली आला. एकेक भाग हातात देत, तो काय करतो हे ते सांगत गेले आणि छबूबाई बसवत गेली. शेवटचा नट आवळला, तर ताडपत्रीवर तांब्याचा एक वायसर उरला.

शेठनी अलगद त्यावर पाय ठेवला आणि डोळ्यांनीच खुणावलं, मारा हँडल!

हवालदारांनाही क्षणभर मोह झाला. इंजिन सुरू झालं असतं, नोकरीही राहिली असती.

"शेठ, पाय काढा," ते म्हणाले. "मंडळी, माझं लक्ष चुकलं. हा राहिला तर तेल गळेल. पुन्हा खोलू."

"गेलं गिऱ्हाईक," शेठ पुटपुटले.

छबूबाईनं वायसर बोटात फिरवून पाहिला. "नळीच्या तोंडाशी ना?"

"अगदी बरोबर!"

तिनं नळी सोडवून वायसर बसवला. हवालदारांनी हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं.

शेठ लगबगीनं म्हणाले, "ताई, आतलं खोक्यातलं नवं देतो."

"नगं. हेच द्या. त्या खोक्यातल्याच्या पोटात काय ऱ्हायलंय, कुनाला ठावं?"

"हवालदार," मागून आवाज आला, "आमचं कवा खोलायचं?"

शेठ आत धावले. दुसरं खोकं त्यांना एकट्यानं हलेना.

"अहो, बघता काय हवालदार? ढकला की!"