दोन दारांची शाळा

शाळेच्या वरच्या गावाकडल्या दाराची बिजागरी वाऱ्यानं पुन्हा उपटली म्हणून मी सकाळीच हत्यारांची पिशवी घेऊन माळावर गेलो, तर गिरणीवाला माझ्या आधी तिथं हजर. पिठानं पांढरे झालेले हात कमरेवर ठेवून तो समोरच्या दाराकडे बघत उभा होता. आपल्या गावचं दार एका खिळ्यावर लोंबतंय, याचं त्याला काहीच नव्हतं.

"सुतारा, ते दार आपल्यापेक्षा रुंद आहे का रे?"

"सारखंच आहे. सगळ्यांच्या देखत मापलंय."

"मग रुंद कसं दिसतं?"

"दुसऱ्याचं आहे म्हणून दिसतं."

तो हसला नाही. माणूस तसा वाईट नाही, पण साडूचा विषय निघाला की त्याची अक्कल गिरणीच्या पट्ट्यासारखी निसटते. आणि समोरचं दार साडूच्या गावचं.

आता हे सगळं सांगायचं तर मागं जावं लागेल. आमचं गाव वरचं, साडूचं खालचं, मधे हा उघडा माळ. दोन्ही गावांत एकेक शाळा होती. वरच्या शाळेत पोरं मूठभर, खालच्या शाळेत पसाभर. शिक्षण ऑफिसच्या हाताखाली सगळ्या मिळून पाच शाळा, आणि मास्तर पुरेनात. तेव्हा साहेबानं हुकूम काढला की या दोन शाळांची एक करा, जागा गावांनी ठरवा. गावांनी ठरवा म्हणजे कोणी ठरवायची? वरच्या गावात शब्द गिरणीवाल्याचा, खालच्या गावात त्याच्या साडूचा, म्हणजे डेअरीवाल्याचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली गिरणीवाल्याला दिलेली, धाकटी डेअरीवाल्याला. लग्न झाल्यापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात. यानं घरावर मजला चढवला तर त्यानंही चढवला आणि जिना मुद्दाम बाहेरून काढला, रस्त्यावरून दिसावा म्हणून. शाळेचंही तेच झालं. हा म्हणे वर, तो म्हणे खाली. शेवटी तुला ना मला, घाल कुत्र्याला. दोन्ही गावांच्या वेशीपासून दोरी धरली आणि जिथं बरोबर मध्य आला तिथं शाळा बांधली. तिथं झाड नाही, पाणी नाही, शेजार नाही. आहे तो नुसता वारा.

दार आमच्या गावाकडे ठेवलं. दुसऱ्या दिवशी खालचं गाव काठ्या घेऊन आलं. मग समोरच्या भिंतीतही एक दार काढलं. आमचं दार मी केलं आणि त्यांचं माझ्या चुलतभावानं. तोही सुतारच, खालच्या गावात सासरवाडीला जाऊन राहिलेला. त्याचं दार सागाचं आहे असं तो सांगतो. लोकही मला तेच सांगतात, मी न विचारता.

समोरासमोर दोन दारं आणि माळावरचा वारा. एका दारातून शिरायचा आणि दुसऱ्यातून निघायचा, जाताना फळ्यावरचे तक्ते, वह्यांची पानं, बारक्या पोरांच्या टोप्या घेऊन जायचा. एक दार बंद केलं असतं तर भागलं असतं. पण कुठलं? आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी ही माणसं. आमचं दार लावलं की गिरणीवाला धावत यायचा, त्यांचं लावलं की डेअरीवाला. बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्य बाईंनी, शेवटी नाद सोडला. मग प्रत्येक पोर दप्तरातून एक दगड आणायला लागलं. वहीवर दगड, त्यावर डावा हात, उजव्या हातानं लिहायचं. पान उलटायचं तर शेजारच्यानं मदत करायची. पोरांना त्याची इतकी सवय झाली की घरी, वारा नसतानाही, ती वहीवर दगड ठेवूनच अभ्यासाला बसायची.

आणि परीक्षेत शेजारच्याची मदत घेता येत नाही. निकाल लागला आणि चार शाळांत आमची चौथी आली.

साहेब स्वतः आले. बारीक अंगाचा माणूस, टोपी हातानं धरून उभा. त्यांनी पोरांचे दगड पाहिले, दोन्ही दारं पाहिली.

"बाई, हे काय?"

"वारा आहे साहेब."

"ते कळतंय. दार का लावत नाही?"

बाईंनी एकदा गिरणीवाल्याकडे पाहिलं, एकदा डेअरीवाल्याकडे. दोघंही चहाचा कप पहिल्यांदाच बघत असल्यासारखे कपात बघत होते.

साहेब म्हणाले, "हे बघा, मला तुमच्या भानगडीत पडायचं नाही. पुढच्या निकालातही शाळा तळाला असेल तर मी ती बंद करणार. पोरं बाजारगावच्या शाळेत जातील."

बाजारगावची शाळा म्हणजे घाट ओलांडून पलीकडे. मोठी, पक्की, दर वर्षी पहिली. पोरगे गेले असते कसेबसे. पण पोरींना एवढ्या लांब कोण धाडतं? त्याच दिवशी गिरणीवाला घरी म्हणाला, "शाळा बंद झाली तर नात घरी बसेल. लिहायला-वाचायला येतंय तेवढं पुरे." नात सातवीत, वर्गात हुशार. आजीनं, म्हणजे थोरलीनं, तेवढं ऐकलं आणि नवऱ्याच्या ताटात भाकर जरा जोरातच टाकली. हे थोरलीनंच मला सांगितलं.

बायकांचं एक मला ठाऊक होतं. वारं जास्त असलं की आज्या पोरींना न्यायला माळावर यायच्या. थोरली आमच्या दारातून आत यायची, धाकटी त्यांच्या दारातून, आणि पोरी दप्तरं आवरेपर्यंत दोघी मधल्या बाकावर बसून बोलायच्या. घरी दोघींना एकमेकींकडे जायची बंदी. शाळेत कोण बघतंय?

बाईंनी दोन्ही गावांची सभा बोलावली, शाळेतच, आणि मुद्दाम भर वाऱ्याची वेळ धरून. गावं दोन्ही बाजूंना तोंडं फिरवून बसली. मी मधे बसलो, कारण दोन्ही बाजूंना माझी बाकी आहे.

बाई म्हणाल्या, "एकच प्रश्न आहे. कुठलं दार बंद करायचं. तोंडानं कोणी बोलू नका, भांडणं होतात. चिठ्ठीवर लिहा."

सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा मिळाला. गिरणीवाल्यानं हातानं आडोसा करून लिहिलं, तरी मला दिसलं. डेअरीवाल्यानंही तसंच लिहिलं असणार, नावं तेवढी उलटी. बाईंनी चिठ्ठ्या टेबलावर एकत्र केल्या आणि हात काढून घेतला. वाऱ्याचा एक झोत आला आणि दोन्ही गावांचं मत आमच्या दारातून माळावर गेलं.

अर्धी सभा मागं पळाली. गिरणीवाला धोतर सावरत धावला, डेअरीवाला त्याच्या पुढं जायला बघत होता. चिठ्ठ्या काट्यांत अडकल्या, काही सरळ आमच्या गावाच्या दिशेनं गेल्या. तेवढ्यावरून खालच्या गावातला एकजण म्हणाला, "बघा, मतं पळवली." धापा टाकत सगळे परत आले तेव्हा बाई शांतपणे उभ्या होत्या.

"दमलात? तुमची पोरं रोज हेच करतात. अभ्यास राहिलेल्या वेळात करतात."

बाई पुढं म्हणाल्या, "दोन्ही दारं बुजवू. बाजूच्या भिंतीत एकच दार काढू. तिकडून वारा येत नाही."

"तिकडं कुठलंच गाव नाही," गिरणीवाला म्हणाला.

"म्हणून तर."

"मग आमचं दार आम्हीच बुजवायचं? गावात तोंड कसं दाखवू?"

पलीकडून डेअरीवालाही तेच म्हणाला. मला वाटलं, झालं, शाळा गेली. तेवढ्यात माझ्या मागून थोरली नवऱ्याच्या कानाशी वाकली. आवाज हळू, पण मी जवळच होतो.

"अहो, धाकटीचा नवरा उठतोय बघा हो म्हणायला. साहेबाच्या कानावर त्याचंच नाव जाईल. शाळा त्यानं वाचवली म्हणतील. तुम्ही बसा असेच."

मी समोर पाहिलं. धाकटीही तिच्या नवऱ्याच्या कानाशी लागली होती. डेअरीवाला सरळ झाला, त्यानं मान वर केली, बाकाला हात टेकले. गिरणीवाल्यानं ते पाहिलं आणि ताडकन उठला. दोघं एकदमच उभे राहिले.

"आमची हरकत नाही," गिरणीवाला म्हणाला.

"मी आधी उठलो," डेअरीवाला म्हणाला.

बाईंनी दोघांचीही नावं एकाच ओळीत लिहिली. थोरली पदराआड खोकली. तो खोकला नव्हता, हे मला माहीत आहे.

काम मला आणि चुलतभावाला मिळून करावं लागलं. नवं दार दोन फळ्यांचं, एक फळी आमच्या जुन्या दारातली, एक त्यांच्या. तेवढ्यावरही दोन्ही गावांतून माणसं रोज येऊन बघायची. दोन्ही फळ्या शेजारी उभ्या केल्या तेव्हा कळलं की माझी फळी खालून वाकली होती. त्याची सरळ. अगदी सरळ. त्यानं नुसता रंधा घेतला आणि माझी कड तासायला बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्या पोटात इतकं दुखलं की मी कडी माझ्या फळीवर बसवली आणि ती जरा मोठीच घेतली.

दार लागलं आणि शाळेत पहिल्यांदा शांत झालं. बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. तरी पोरं काही दिवस दगड आणतच होती. मग एक दिवस बाईंनी सगळे दगड दारापाशी रचले आणि त्याची पायरी केली.

वर्ष सरलं, निकाल आला. चार शाळांत आमची दुसरी. वर्गात पहिली धाकटीची नात आणि दुसरी थोरलीची, एकाच गुणाचा फरक. गिरणीवाल्यानं तो पेपर पुन्हा तपासायला सांगितला, ते वेगळं. पण नात घरी बसली नाही. आठवीचं पुस्तक घेऊन ती दुसऱ्याच दिवशी माळावर निघाली, धाकटीच्या नातीबरोबर, दोघी हसत.

आणि त्याच सकाळी मी शाळेचं छप्पर ठोकत होतो तर खालून मोटारसायकल आली. डेअरीवाल्याची, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले. मागं गिरणीवाला बसला होता. माझ्या हातातली हातोडी थांबली. मला वाटलं, कोणीतरी गेलं.

दोघं उतरले. शेजारी शेजारी उभे राहून छपराकडे बघायला लागले.

"सुतारा," गिरणीवाला म्हणाला, "बाजारगावच्या शाळेवर मनोरा आहे म्हणे. त्यात घंटा."

"आहे. मी पाहिलाय."

"म्हणून पहिली येतात ती," डेअरीवाला म्हणाला. "घंटा घाटापर्यंत ऐकू येते. माणसाला वाटतं, वा, शाळा आहे."

"आपल्यालाही पाहिजे," गिरणीवाला म्हणाला.

"त्यांच्याहून हातभर उंच," साडू म्हणाला, आणि दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी म्हटलं, "दादा, इथला वारा ठाऊक आहे ना? मनोरा एक पावसाळा टिकायचा नाही. शाळेचं छप्पर घेऊन जाईल. नसता उद्योग आहे हा."

गिरणीवाल्यानं साडूकडे पाहिलं. साडूनं मान हलवली.

"बरं. तुझ्याच्यानं होणार नसेल तर राहू दे. तुझ्या चुलतभावाला विचारलंय, तो हो म्हणालाय."

मी छपरावरून खाली उतरलो, पिशवीतून टेप काढला आणि त्यांना विचारलं, "बाजारगावचा मनोरा नेमका किती हात आहे?"