भादव्यातला तान्हा पोळा

सोनूने बैलाबद्दल विचारणं सोडून दिलं होतं, आणि योगेशला नेमकं तेच खुपत होतं.

रुसली असती तर बरं झालं असतं. सात वर्षांच्या मुलीचा रुसवा काढता येतो, त्यावर शंभर औषधं आहेत. पण सोनू रुसली नव्हती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शनिवार असूनही योगेश हडपसरच्या ऑफिसात अडकला होता. वारज्याला घरी पोचला तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. "बैल राहिलाच गं बेटा. उद्या करू," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लॅपटॉप उघडावा लागला. "परवा नक्की." तेव्हा चित्र रंगवत बसलेली सोनू मान वर न करता म्हणाली, "चालेल, बाबा." अगदी मोठी माणसं म्हणतात तसं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

खरं तर उन्हाळाभर त्यानेच तिला गोष्टी सांगून वेड लावलं होतं. योगेश मूळचा हिंगणघाटचा. तिकडे श्रावणी अमावास्येला पोळा होतो, खरे बैल मिरवतात, आणि दुसरा दिवस असतो पोरांचा, तान्हा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल दोरीने ओढत पोरं घरोघर जातात आणि प्रत्येक घरून त्यांना 'बोजारा' मिळतो. कुठे गूळ-खोबरं, कुठे फुटाण्यांची मूठ, कुठे नुसताच बैलाच्या कपाळाला कुंकवाचा टिळा.

योगेशचा बैल त्याचे वडील घरीच करायचे. हिंमतराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. घरी आले की ओसरीवर पोतं अंथरायचे, खिळे ओठांत धरायचे आणि कामाला लागायचे. पोराला हाक नाही, "ये, शिक" नाही. पोरगं आपसूक येऊन शेजारी बसायचं. सगळा बैल तयार झाला, शिंगं रंगली, की ब्रश योगेशच्या हातात द्यायचे. "डोळे तू काढ. म्या काढले त त्याले दिसन, पण तो तुले ओळखनार नाही."

एका वर्षी योगेशच्या हातून एक डोळा कपाळावर गेला आणि एक जबड्याशी. तो रडायला लागला. हिंमतरावांनी बैल हातात धरून नीट न्याहाळला. "काहून रडून राहिला रे पोट्ट्या? वर पन पाह्यते, खाली पन पाह्यते. हुशार बैल हाय." ते डोळे त्यांनी कधीच सुधारले नाहीत. पुढे त्या बैलाला वाळवी लागली. हिंमतरावांना जाऊनही आता दोन वर्षं झाली होती.

"यंदा आपण बैल करू. डोळे तू काढायचे," योगेशने सोनूला शब्द दिला होता.

शब्द मोडल्यावर आपण सगळे जे करतो तेच त्याने केलं. बैल ऑनलाइन मागवला. झुलीवर आरसे, सोनेरी शिंगं, आणि डोळे असे रेखलेले, की स्वारी नुकतीच ब्यूटी पार्लरमधून उठून आली असावी. सोनूने खोकं उघडलं. "छान आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ह्याला डोळे आधीच आहेत." बैल टीव्हीशेजारी ठेवून ती खेळायला गेली.

"अहो, तिला बैल नकोच होता," त्याची बायको दीपमाला म्हणाली.

"मग काय हवं होतं?"

"करा विचार. इंजिनिअर आहात ना?"

गणपती आले, गेले. पितृपक्ष लागला. तोही संपत आला तेव्हा एका शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर सीतारामने योगेशची गाडी थांबवली. सीताराम इथला वॉचमन, मुळशीकडच्या गावचा.

"साहेब, रविवारी मी नाय बरं का. बदली माणूस येईल. गावाला पोळा हाय."

"पोळा होऊन महिना झाला की!"

"त्यो तुमच्याकडला. आमचा भादव्यात असतोय, अवसेला. भातलावणी उरकून बैल पुरता मोकळा झाल्याबिगर कसला पोळा?"

मागून कुणी तरी हॉर्न वाजवला तेव्हा योगेश भानावर आला. महिन्यापूर्वी हातून निसटलेला सण परवावर येऊन उभा होता! धावत वर जाऊन सोनूला सांगावं, असं त्याला वाटलं. लिफ्टमध्ये मात्र त्याने विचार बदलला. आणखी एक 'नक्की' त्या पोरीच्या पदरात घालण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी सकाळी त्याने फोन टेबलाच्या खणात टाकला आणि बाल्कनीत जुने पेपर अंथरले. मोडक्या दिवाणाचा एक सागवानी पाय सापडला. करवत मात्र नव्हती. ती तळमजल्यावरच्या गोपाळकृष्णकाकांकडे असणार. त्यांची हत्यारं तेलपाणी केलेली असत आणि ती कुणाला देणं त्यांच्या जिवावर येई.

"करवत? कशाला?"

"बैल करायचाय काका, सोनूसाठी. उद्या पोळा आहे."

"उद्या सर्वपित्री आहे. आमच्याकडे उद्या कावळे येतात. बैल येत नाहीत."

"आमच्याकडे येईल बहुतेक."

"येवो. करवत संध्याकाळी परत. दातांसकट."

करवतीचा खर्रर्र आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने योगेशला दाराशी दोन अनवाणी पावलं दिसली. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं आणि तो कापत राहिला.

"बाबा, हे काय आहे?"

"पोट."

"कुणाचं?"

"बघू, कुणाचं होतंय."

पावलं पुढे आली. मग सोनू उकिडवी बसली. मग तिने लाकडाचं दुसरं टोक धरलं.

"हलू देऊ नकोस हं."

"तूच हलवतोयस, बाबा."

दुपारपर्यंत पोट झालं, पाय झाले, कडुनिंबाच्या बाकदार काटकीची शिंगंही झाली. खाली फळी ठोकली. अडलं ते चाकांपाशी. सोनूने बराच विचार केला आणि हळूच म्हणाली, "आईचं लाटणं गोल असतं."

दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"नवं की जुनं?"

"जुनं. फडताळावरचं."

लाटण्याच्या तीन चकत्या एकसारख्या निघाल्या. चौथी टोकाकडची, म्हणून बारीक. एवढ्यात आतून आवाज आला, "लाटण्याला कुणी हात लावलाय?"

"उत्तर देऊ नकोस," सोनू कुजबुजली. बापलेक श्वास रोखून, खांद्याला खांदा लावून बसले. कित्येक दिवसांनी ती त्याच्या इतक्या जवळ बसली होती.

आणि तेवढ्यात खणातला फोन वाजला.

सोनूचा पॉलिश पेपर घासणारा हात थांबला. बाबाकडे न बघता, अंगावरचा भुसा झटकत ती म्हणाली, "चालेल, बाबा."

आपल्या मुलीला आपण एवढं एकच उत्तर शिकवलं की काय! योगेश उठला, खण उघडला आणि फोन कानाला लावला. ऑफिसातला आनंद बोलत होता.

"आनंद, आज नाही जमणार. बैलाला चाक लावतोय."

"काय लावतोयस?"

"सोमवारी सांगतो."

फोन बंद करून तो परत पेपरावर येऊन बसला. "शेपटीला काय घेऊया गं?"

सोनू त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम उठून आत पळाली आणि हातभर सुतळी घेऊन आली.

रविवारी सकाळी दीपमालाने सासऱ्यांच्या नावाने पान वाढलं. गच्चीवर पान ठेवून सगळे बाजूला झाले. कावळ्याने फार ताटकळवलं नाही, उडदाचा वडा उचलून तो गेला. खाली आल्यावर योगेशने काळ्या रंगाची डबी उघडली आणि ब्रश सोनूच्या हातात दिला. काय करायचं ते तिला ठाऊक होतं.

पहिला डोळा छान गोल आला. दुसऱ्याला ब्रश निसटला आणि डोळा घरंगळत पार गालावर उतरला. सोनूने ओठ आवळले. योगेशचा हात पुसायच्या फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"वर पन पाह्यते, खाली पन पाह्यते," तो म्हणाला. पुण्यात आल्यापासून त्याच्या जिभेवरून जवळजवळ पुसलेली ती बोली कुठून आली कोण जाणे. "हुशार बैल हाय."

दीपमालाने हिरव्या खणाची झूल बांधली, आणि चाकांकडे बघून "वाटलंच मला" एवढंच म्हणाली.

"सीतारामकाकांच्या गावाला आज पोळा आहे," योगेशने सोनूला सांगितलं, आणि वरच्या मजल्यापासून वरात निघाली. चौथं चाक लहान, त्यामुळे बैल टक-टुक, टक-टुक करत लंगडत चालला. "नीट करू का?" योगेशने विचारलं. "नको. तो असाच चालतो." दारं उघडत होती. कुणाला काही कळत नव्हतं, पण सोनू समजावून सांगत होती, "तान्हा पोळा आहे. बोजारा द्यायचा असतो." कुणी चिक्की दिली, कुणी केळं, कुणी पटकन कुंकवाची कोयरी आणली.

शेवटचं दार गोपाळकृष्णकाकांचं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हा बैल लंगडतो."

"तो असाच चालतो," सोनू म्हणाली.

"आणि बघतो कुठे?"

"वर पण आणि खाली पण."

"मग पुण्याच्या रस्त्यांना लायक आहे."

ते आत गेले आणि वाटीत वडे घेऊन आले. "कावळ्यांच्या पंगतीतले आहेत. बैलाला चालत असतील तर घ्या." गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश वाकले आणि त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. कापलेल्या कडेवर अंगठा घासून पाहिला. "घासलंय बरं. कुणी?"

"मी."

"हं. आणि माझी करवत काल संध्याकाळी येणार होती."

योगेशने जीभ चावली. तो काही बोलणार, तोच सोनू म्हणाली, "बाबा विसरतो, काका. पण करतो नंतर."

लिफ्टची वाट न बघता दोघं जिन्याने निघाले. एका हातात बैल, एका हातात वाटी, असा योगेश मागे आणि सोनू पुढे. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, वळली.

"बाबा, दिवाळीत किल्ला करायचा?"

महिन्याभरात तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. 'नक्की' हा शब्द अगदी त्याच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

"माती कुठून आणायची?" त्याने विचारलं.

"सीतारामकाकांच्या गावाहून," सोनू लगेच म्हणाली. म्हणजे विचार आधीच झालेला होता. "पण आधी करवत देऊन ये."